व्रणाच्या कडेचे दाणे

ज्या बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आहे, तिच्या छातीवर पुरळ उठलं तर ते साधं पुरळच असेल असं कुणी धरून चालू नये. तिने नाही, घरच्यांनी नाही आणि डॉक्टरांनी तर मुळीच नाही. माझ्या बाबतीत तसं धरलं गेलं, आणि त्यात एक अख्खा उन्हाळा नि अर्धा पावसाळा गेला. म्हणून हे लिहिते आहे.

मी हैदराबादची. माहेर नांदेड, सासर काचीगुडा, आणि सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. डावा स्तन काढला त्याला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. केमो झाली, लाइट म्हणजे रेडिएशन घेऊन झाली, हार्मोनची गोळी पाच वर्षं घेऊन संपली. ती बंद झाली तेव्हा घरात शिरा केला होता. पुढे दरवर्षी मॅमोग्राम आणि रक्तात सीए १५-३ ची चाचणी, दोन्ही व्यवस्थित. मग एका एप्रिलात व्रणाच्या खालच्या कडेला, काखेच्या अंगाला, गुलाबी दाणे दिसू लागले. बारीक, टणक, एकमेकांपासून सुटे. दुखत नव्हते. खाजही नावापुरती.

हैदराबादच्या एप्रिलात घामोळं न आलेला माणूस दाखवा! घराजवळच्या एका स्किन क्लिनिकात ‘एम लेदम्मा, काही नाही’ असं म्हणून मलम मिळालं. ऑपरेशनचं मी सांगितलं होतं. ‘पाच वर्षं उलटली ना, मग सुटलात तुम्ही,’ असं उत्तर आलं. मलमात बुरशीवरचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र होतं. आपल्याकडे दुकानात चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतं, तसलं. स्टेरॉइडने लाली उतरली, सगळ्यांना बरं वाटलं, दाणे मात्र होते तिथेच राहिले आणि हळूहळू पाठीकडे सरकले. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी निदान झालं, नागीण. गोळ्या सुरू झाल्या. वन्संनी गेरू उगाळून आणला. ओळखीच्या एका बाईंनी नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. काळजी करणाऱ्यांची काही कमतरता नव्हती. कमतरता होती ती कुणी तिथला तुकडा काढून तपासण्याची.

नागीण कशी असते हे मला पुढे नीट कळलं. आधी त्या पट्ट्यात आग होते, ठणका लागतो, मग पाण्याने भरलेले फोड येतात आणि दोन-चार आठवड्यांत खपली धरून निवतात. कॅन्सरचे दाणे क्वचित तसेच पट्ट्याने उठतात, त्यामुळे पहिल्या नजरेत फसगत होऊ शकते. पण ते निवत नाहीत. औषधाचा पूर्ण कोर्स झाला आणि दाणे वाढतच राहिले, तर निदान चुकलं आहे असं समजायला हरकत नाही.

आणि त्या वार्षिक तपासण्यांचं काय? मॅमोग्राम होतो तो उरलेल्या स्तनाचा. काढलेल्या बाजूला यंत्रात धरण्याजोगं काही नसतं. तिथे डोळे आणि बोटं हीच तपासणी. सीए १५-३ नॉर्मल असूनही रोग परतलेला असू शकतो, म्हणून केवळ या चाचणीच्या भरवशावर पाळत ठेवू नये असंच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. माझे दोन्ही कागद स्वच्छ होते, आणि त्या दोन्ही कागदांनी माझी छाती पाहिलेलीच नव्हती. क्लिनिकात पदर थोडा सरकवून, ब्लाउजच्या कडेने जेवढं दिसेल तेवढंच बघितलं जात होतं. आपल्या बायकांना संकोच असतो, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त. त्या संकोचाला एक उपाय आहे: नर्सला आत बोलवायला सांगायचं आणि ब्लाउज काढून दोन्ही बाजू, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडावरचा खळगा आणि पाठ दाखवायची. डोक्याची त्वचासुद्धा. तिथेही गाठी येतात, कधी नुसतेच एका जागचे केस जातात आणि चाई समजून सोडून दिलं जातं.

शेवटी एका सर्जनबाईंनी दाण्यांवरून बोट फिरवलं आणि मलमांच्या चिठ्ठ्या न वाचताच बाजूला ठेवल्या. जागेवरच बधिर करून पेन्सिलीहून बारीक तोंडाच्या गोल पात्याने तुकडा घेतला. पंच बायोप्सी म्हणतात तिला. तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, एखादा टाका, त्याच दिवशी घरी. एवढं साधं काम इतके दिवस कुणी का केलं नाही, याचा राग अजून येतो. फुफ्फुसातला किंवा यकृतातला तुकडा मिळवायला स्कॅनखाली सुई घालावी लागते. त्वचेतला रोग तर समोर दिसत असतो.

घरात लगेच कुजबुज झाली की सुई लागली की कॅन्सर खवळतो. हे खोटं आहे. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तुकडा न काढता औषध दिल्याने मात्र वेळ जातो. आणखी एक समज मोडायला हवा. नुसत्या सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, पेशी सापडल्या नाहीत म्हणून कॅन्सर नाही असं ठरत नाही. पंचमध्येही तुकडा त्वचेखालच्या चरबीपर्यंत खोल जायला हवा. स्तन एकाएकी लाल, गरम, सुजलेला होतो आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खड्डेदार दिसते, त्या दाहक प्रकारात तर पहिला तुकडा कोरा आला तरी संशय असेल तर दुसरा घ्यावा लागतो. या प्रकारात गाठ हाताला लागेलच असं नाही. गळू झालं म्हणून अँटिबायोटिक देतात, ते देणं चूक नाही. पण आठवडा-दोन आठवड्यांत लाली ओसरली नाही, तर त्याच औषधाचा दुसरा कोर्स घेऊ नका, कॅन्सरचे डॉक्टर गाठा.

तुकडा बाटलीत कशात जातो आहे, हेही मी हल्ली विचारायला सांगते. तो फॉर्मलिनमध्ये हवा. सलाइनमध्ये राहिला तर पुढच्या तपासण्या बिघडतात. हार्मोन आणि हर-टू नावाच्या प्रथिनाच्या तपासणीसाठी तो फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास आणि ७२ तासांच्या आत असावा असा नियम आहे. शनिवारी घेतलेला तुकडा मंगळवारपर्यंत क्लिनिकच्या कपाटात पडून राहिला की तो नियम मोडतो. लॅबच्या फॉर्मवर ‘पूर्वी स्तनाचा कॅन्सर’ हे शब्द लिहिले आहेत ना, तेही बघा. ते नसतील तर पॅथॉलॉजिस्टला कुठे शोधायचं हे कळत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये सीके-७ आणि गाटा-३ अशा खुणा तपासल्या होत्या. त्यावरून हा रोग त्वचेचा स्वतःचा नसून स्तनातून आलेला, हे पक्कं झालं. स्त्रियांमध्ये त्वचेत पसरणाऱ्या कॅन्सरांत स्तनाचाच पहिला क्रमांक लागतो.

लाइट घेतलेल्या जागेबद्दल एक वेगळी सूचना. तिथली त्वचा काळवंडते, जाड होते, बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं. पण काही वर्षांनी तिथे मार लागल्यासारखे निळे-जांभळे डाग उमटले, तर तो क्वचित रक्तवाहिन्यांचा निराळाच कॅन्सर असू शकतो. त्याचाही निकाल तुकड्यानेच लागतो.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण ती न कळल्यामुळे बायका उपचाराशिवाय घरी परत नेल्या जातात. त्वचेपर्यंत आलेला स्तनाचा कॅन्सर एकाच प्रकारचा नसतो. पहिल्यांदाच रुग्णालयात येणाऱ्या बाईची गाठ वरच्या कातडीला चिकटलेली असेल, फुटून तिथे जखम झाली असेल, तरी तेवढ्यावरून तो चौथा टप्पा होत नाही. रोग स्तन आणि काखेपुरता असेल तर तो तिसऱ्या टप्प्यात मोडतो आणि बरा करण्याच्या इराद्याने उपचार होतात: आधी औषधं, गाठ आकसली की ऑपरेशन, मग लाइट. ‘बाहेर आलंय, आता काय राहिलं’ असं नातेवाइकांनी ठरवायचं नसतं. दुसरा प्रकार म्हणजे ऑपरेशननंतर त्याच बाजूच्या छातीवर किंवा व्रणात रोग परत येणं. तेवढाच असेल आणि काढता येण्याजोगा असेल, तर तो काढून आणि लाइट व औषध देऊन पुन्हा पूर्ण बरं होण्याचा प्रयत्न करता येतो. तिसरा प्रकार दूरच्या त्वचेवर किंवा इतर अवयवांतही पसरलेल्या रोगाचा. तो मुळापासून जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो, काहींचा तर वर्षानुवर्षं. या तिन्हींतलं आपलं कोणतं, हे दाण्यांकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी पेट स्कॅन, किंवा खर्च झेपत नसेल तर छाती-पोटाचं सीटी आणि हाडांचा स्कॅन. माझ्या स्कॅनमध्ये एका मणक्यात रोग सापडला. म्हणजे मी तिसऱ्या प्रकारात.

आमचे दीर तेव्हा हटून बसले होते की सगळं कापून टाका. त्यांचा जीव तुटत होता हे खरं, पण दाणे पाठीपर्यंत गेलेले, मणक्यात रोग, कापणार किती? मुंबईच्या टाटा रुग्णालयात पसरलेला रोग घेऊनच आलेल्या ३५० स्त्रियांवर अभ्यास झाला होता. औषधाने रोग हटल्यावर निम्म्यांचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, निम्म्यांच्या नाही. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ऑपरेशनने आयुष्य वाढलं नाही. त्या बायका माझ्याहून वेगळ्या अवस्थेतल्या होत्या, पण पसरलेल्या रोगाला औषध सर्वांगाला पोचणारं हवं, हे दिरांना त्यावरून पटलं. रक्तस्राव थांबत नसेल, जखम असह्य झाली असेल, तर आराम म्हणून ऑपरेशन करतात; ते वेगळं.

औषध ठरतं ते रोगाच्या जातीवरून, आणि ती नव्या तुकड्यावर पुन्हा तपासावी लागते. हार्मोनचे ईआर-पीआर आणि हर-टू, ही तिन्ही. मूळ गाठीत जे होतं तेच परतलेल्या रोगात असेल याची खात्री नसते. माझ्या जुन्या रिपोर्टवर हर-टू ‘२+’ असं लिहिलेलं होतं आणि पुढे काही नाही. २+ म्हणजे ठरलेलं नाही. फिश नावाची पुढची चाचणी केल्यावर हो की नाही ते कळतं. कितीतरी फायलींत हा अर्धा रिपोर्ट तसाच पडलेला असतो. आपली फाइल काढून बघा. माझी फिश या वेळी झाली, निगेटिव्ह आली. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईची पॉझिटिव्ह आली आणि तिला ट्रास्टुझुमॅब सुरू झालं. या औषधाचे भारतीय पर्याय २०१४ पासून मिळतात, त्यामुळे ते पूर्वीइतकं आवाक्याबाहेर राहिलेलं नाही.

माझा रोग हार्मोनवर वाढणारा. मला फुलव्हेस्ट्रंटची इंजेक्शनं, दोन्ही कुल्ल्यांत एकेक, आणि जोडीला पॅल्बोसिक्लिबच्या गोळ्या: २१ दिवस घ्यायच्या, ७ दिवस बंद. सुरुवातीला वारंवार रक्त तपासतात, कारण पांढऱ्या पेशी घसरतात. घसरल्या की डॉक्टर गोळी पुढे ढकलतात किंवा डोस कमी करतात, घाबरायचं नसतं. ताप आला तर मात्र त्याच दिवशी फोन. २०२३ च्या जानेवारीत या औषधाचं पेटंट भारतात संपलं आणि किंमत खूप उतरली. जुनी किंमत ऐकून ज्यांनी नाद सोडला होता त्यांनी पुन्हा विचारावं. याच कुळातली रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिबही आहेत; पहिलीत ईसीजीवर लक्ष ठेवतात, दुसरीत जुलाब होतात. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाइन लागते. ती सुरू होण्याआधी दात दाखवून घ्या. किडका दात काढायचा असेल तर आधीच, नंतर जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो. मला हे दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर कळलं! ज्यांचा रोग तिन्ही चाचण्यांत निगेटिव्ह येतो त्यांना केमो, आणि पीडी-एल१ चाचणी जुळली तर इम्युनोथेरपी.

पहिल्या काही महिन्यांत दाणे चपटे झाले, मग तपकिरी. त्वचेतल्या रोगाची ही एक बाजू बरी: औषध लागू पडतंय की नाही हे रोज आंघोळीच्या वेळी दिसतं. मी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढत गेले, प्रत्येक वेळी त्याच खिडकीच्या उजेडात. डॉक्टरांना ते फोटो माझ्या वर्णनापेक्षा कामी आले.

आणि आता जखमेबद्दल, कारण त्याविषयी कुणी बोलत नाही. देगलूरकडची एक बाई भेटली होती. छातीवरची गाठ फुटलेली, वास इतका की घरात तिला मागच्या खोलीत ठेवलेलं, जेवण दाराशी. हा रोग स्पर्शाने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, कपडे एकत्र धुतल्याने लागत नाही. वास येतो तो जखमेत वाढणाऱ्या जंतूंचा, आणि त्यावर औषध आहे: मेट्रोनिडाझोल. जेल मिळतं, नाहीतर गोळी कुटून तिची पूड डॉक्टरांच्या सांगण्यावरून जखमेवर भुरभुरतात. काही दिवसांत वास कमी होतो. त्या बाईची मुलगी पुढच्या खेपेला म्हणाली, ‘आता आई पुढच्या खोलीत झोपती.’

जखम उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून धुवायची, अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा. चोळायची नाही. जुन्या मऊ सुती साडीचे तुकडे स्वच्छ धुऊन कुकरमध्ये वाफवले तरी पट्टीचं काम होतं. कोरडी पट्टी ओढून काढली की रक्त येतं, म्हणून आधी मिठाच्या पाण्याने भिजवायची. रक्त आलंच तर स्वच्छ कापड दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचं, मधे उचलून बघायचं नाही. गडद रंगाचा टॉवेल जवळ असला म्हणजे रुग्ण घाबरत नाही. थांबत नसेल तर रुग्णालय. थोडे दिवस लाइट दिल्यानेही रक्त आणि वेदना थांबतात. हळद, राख, गेरू, पाला यातलं काहीही लावू नका. ते चिकटतं आणि धुताना जखम ओरबाडली जाते. उघड्या जखमेत किडे पडले तरी लाजू नका. नर्सना ते काढता येतात आणि त्यांना त्याचं नवल वाटत नाही.

दुखणं सोसायचं कारण नाही. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन योग्य देखरेखीखाली दिलं तर सहसा व्यसन लागत नाही. २०१४ मध्ये कायद्यात बदल होऊन ते मिळणं सोपं करण्यात आलं. हैदराबादेत लकडी का पूलजवळ रेड हिल्सला १९५५ पासूनचं सरकारी एमएनजे कॅन्सर रुग्णालय आहे, तिथे वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे. स्पर्श हॉस्पिस २०११ पासून मोफत सेवा देतं. पंजागुट्ट्याचं निम्स, बंजारा हिल्सचं बसवतारकम् रुग्णालयही आहे, ते एन. टी. रामाराव यांच्या कॅन्सरने गेलेल्या पत्नीच्या नावाने २००० साली सुरू झालं. शहराला याची गरज आहेच. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण हैदराबाद जिल्ह्यात देशातल्या नोंदणी केंद्रांमध्ये सर्वांत जास्त निघालं, दर लाख स्त्रियांमागे ४८.

तेलंगणच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १० लाखांवर गेली, पण ती इथल्या रहिवाशांसाठी. नांदेड-उदगीरहून येणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड आणावं, ते दुसऱ्या राज्यातही चालतं. मात्र रुग्णालय त्या यादीत आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावं. काहींना संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जास्त सोयीचं पडेल. कुठेही जा, जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि मूळ गाठीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, बरोबर न्या. ब्लॉक लॅबकडे ठेवलेले असतात, मागितले की मिळतात.

ज्यांच्या अंगावर माझ्यासारखा व्रण आहे त्यांनी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात तो बघावा आणि बोटांनी चाचपावा. नवीन दाणा, लाली, कडक झालेली कातडी तीन आठवड्यांत गेली नाही, तर थेट कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जाऊन तुकडा तपासायला सांगा. ऑपरेशनला किती वर्षं झाली याचा हिशोब त्यात धरू नका.